घरी एकच भाषा बोलावी

पापनाशम,
९ जुलै २०२३

विनुता डॉक्टरम्मांस वेंकटरावाचा नमस्कार.

मी वर्षाचा आजा. तुमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी जी चार वर्षांची मुलगी येते, बोलत नाही म्हणून, तिचा. तुम्ही मजला पाहिलं आहे. मार्चमध्ये पहिल्या दिवशी माझा मुलगा कार्तिकेय आणि सून अखिला आत तुमच्याशी बोलत होते आणि मी बाहेर बाकावर तिच्या चपला मांडीवर घेऊन बसलो होतो. निघताना तुम्ही माझ्याशी मराठीत दोन शब्द बोललात. हिंदीच्या परीक्षा दिल्यामुळे देवनागरी वाचता येते, असंही म्हणालात. त्या भरवशावर लिहितो.

महिना झाला, मी इथे धाकट्या बहिणीकडे, भागीरथीकडे, आहे. फोनवर मजला नीट ऐकू येत नाही. कार्तिकेय ‘छान चाललंय’ एवढंच ओरडून सांगतो. छान म्हणजे काय, ते ओरडून सांगता येत नसावं. म्हणून तुम्हांस विचारतो. वर्षा काही बोलते का? जेवते का? तुमच्या खोलीत रडते का?

तमिळमध्ये लिहिलं असतं तर तुम्हांस सोपं गेलं असतं. पण माझी सारी नोकरी जुन्या मराठी कागदांच्या याद्या करण्यात गेली आणि तमिळमध्ये मी आजवर फक्त अर्ज लिहिले. हा अर्ज नव्हे.

वेंकटराव


तंजावूर,
१५ जुलै २०२३

वेंकटराव मामांस विनुताचा नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा अक्षरं लावायला, दुसऱ्यांदा समजून घ्यायला. माझ्या चुका पोटात घाला. घरी आम्ही मराठी बोलतो, पण लिहिणारं कोणीच नाही.

मी डॉक्टर नव्हे, मामा. मुलांना बोलायला शिकवण्याची पदवी घेतली आहे. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. सरकार तसा दाखला देतं, त्यावर फी कमी होते. अप्पा तो दाखला त्यांच्या ऑटोच्या काचेवर चिकटवायला निघाले होते. अम्मानं हिसकावून घेतला.

वर्षा रडत नाही. आता वीस मिनिटं एका जागी बसते. चित्रातलं केळं आणि बस दाखवते. शब्द अजून नाही. पण त्याची घाई करायची नसते.

तुमच्या घराचं मला फार कौतुक वाटतं. आमच्याकडे प्रत्येक मुलाची एक योजना असते, छापील. तिच्यावरची पहिलीच ओळ आहे, ‘घरी एकच भाषा बोलावी’. उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या कानावर दोन भाषा पडल्या की त्याचा गोंधळ होतो, म्हणून. वर्षाला तमिळ शाळेत जायचं आहे, तेव्हा तमिळ ठरली. घरात कोणी मराठी बोललं की तक्त्यावर फुली मारायची. एप्रिल-मे महिन्यांत फुल्या फार होत्या. जूनपासून एकही नाही. भरद्वाज सर, आमच्या केंद्राचे प्रमुख, यांनी तो तक्ता इतर पालकांना दाखवला.

तुम्ही कधी परतणार? भागीरथी अत्तेंचे गुडघे दुखतात म्हणून तुम्ही गेलात, असं अखिला अक्का म्हणाल्या. त्यांना बरं वाटो.

विनुता


पापनाशम,
२३ जुलै २०२३

विनुता डॉक्टरम्मा,

पदवी घेतलीत म्हणजे डॉक्टरच. मजला बदलायला सांगू नका, ह्या वयात जमत नाही. तेच तर झालं.

भागीरथीचे गुडघे उत्तम आहेत. कुरुवै भाताच्या लावणीला ती बांधावर उभी राहून बायकांना शिव्या देते आणि कोणाच्याही आधी घरी पोचते. गुडघे मी मुलाला सांगण्यापुरते दुखवले. तुम्ही त्याला सांगू नका.

त्या फुल्या माझ्या होत्या. पहिल्या आठवड्यात एकतीस. अखिला संध्याकाळी शाळेत शिकवून आली की विचारायची, ‘मामंजी, आज किती?’ मी खोटं कसं सांगू? तमिळ मजला येते, तुमच्याइतकीच. तीत मी भांडलो आहे, भाडं ठरवलं आहे, सह्या केल्या आहेत. पण लहान मुलाशी कधी बोललो नव्हतो. कार्तिकेयशी नाही, त्याच्या बहिणीशी नाही. एकदा वर्षाला तमिळमध्ये विचारलं, घोटभर कापी हवी का, तर माझाच आवाज मजला रेशनच्या दुकानातला वाटला. तीही माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग मी गप्प राहू लागलो. गप्प राहिलं तर फुली येत नाही. पण दिवसभर घरात आम्ही दोघंच. गप्प बसून मूल कसं सांभाळायचं? तोंडातून निघून जातंच.

तेव्हा विचार केला, फुली मारण्यापेक्षा फुलीचं कारणच उचलून न्यावं. जूनच्या पाच तारखेला आठ वाजताची गाडी धरली. दिवसा वर्षाला पाहायला आता शेजारच्या शेषम्मा येतात. त्यांची तमिळ चांगली आहे.

भागीरथी म्हणते, ‘एवढ्या मोठ्या पुरुषाला एका पोरीनं गावाबाहेर काढलं, तेही तोंड न उघडता.’

वर्षा बोलू लागली की एक कार्ड टाका. मी लगेच येईन असं नाही. फक्त कळावं.

वेंकटराव


तंजावूर,
२ ऑगस्ट २०२३

वेंकटराव मामा,

तुमचं पत्र वाचलं. एखादा माणूस नातीसाठी असं करू शकतो, हे मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही. तुमचा हा त्याग वाया जाऊ देणार नाही. डिसेंबरपर्यंत वर्षाचे दहा शब्द आणायचे, असं मी ठरवलं आहे.

एक अडचण मात्र आहे आणि ती तुम्हालाच विचारावी असं वाटलं. तुम्ही गेल्यापासून वर्षा रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात पेला घेऊन उभी राहते आणि कोणी काही दिलं तरी रडते. दूध दिलं तर ओतून टाकते. अखिला अक्कांना शाळेची घाई असते, त्या वैतागतात. मी हे ‘हट्ट’ म्हणून लिहिलं आहे आणि तिकडे लक्ष देऊ नका असं सुचवलं आहे. हळूहळू सुटेल. पण हे कशावरून सुरू झालं असेल?

विनुता


पापनाशम,
१० ऑगस्ट २०२३

विनुता डॉक्टरम्मा,

तो हट्ट नव्हे. ती कापीला उभी राहते.

साडेसातला मुलगा-सून बाहेर पडत. त्यानंतर मी माझी कापी करीत असे. पेल्यातून डबऱ्याच्या वाटीत, वाटीतून पेल्यात, दोन्ही हात लांब करून. ती समोर बसे. एकदा ओतलं की मी थांबत असे आणि म्हणत असे, ‘आता?’ ती माझं कोपर धरून वर ढकली आणि म्हणे, ‘वर’. मग मी अजून उंचावरून ओतीत असे. परत थांबायचं. तिनं म्हटल्याशिवाय ओतायचं नाही, असा आमचा करार होता. फेस आला की तिच्या पेल्यात घोटभर, दूध घालून. संपलं की पेला उलटा धरून ‘संपं’.

असं रोज, दीड वर्ष. एक कापी प्यायला पाऊण तास लागे.

बाकी ती ‘दे’ म्हणते, ‘नको’ म्हणते, दार वाजलं की ‘ये’. मजला ‘आज्’ म्हणते, पुढचं गिळते. तुम्हांस हे माहीत असेलच. आता शेषम्मा काय देतात कोण जाणे, बूस्ट घातलेलं दूध असेल. तिला फक्त एकदा ओतून दाखवायला सांगा, म्हणजे रडणार नाही.

इथे पाऊस नाही, पण कालव्याला पाणी आहे.

वेंकटराव


तंजावूर,
४ सप्टेंबर २०२३

वेंकटराव मामा,

उत्तराला तीन आठवडे लागले. कामात होते असं लिहिणार होते. ते खोटं आहे.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी वर्षाची फाइल काढली. पहिल्या पानावर ‘बोललेले शब्द’ यापुढे शून्य आहे, माझ्या अक्षरात. ते मी अखिला अक्कांना विचारून लिहिलं. त्या आणि कार्तिकेय अण्णा वर्षाला संध्याकाळी सहानंतर पाहतात, ती दमलेली असते तेव्हा. खाली ‘दिवसा कोण सांभाळतं’ असा प्रश्न आहे. तिथे मी ‘आजोबा’ एवढं लिहिलं आणि पुढच्या प्रश्नावर गेले. तुम्ही दाराबाहेर दहा पावलांवर बसला होता. मी तुम्हाला आत बोलावलं नाही.

मामा, तिचे सहा शब्द होते. आणि तुम्ही जे कापीत करत होता, ओतायचं, थांबायचं, ती काही म्हणेल याची वाट पाहायची, ते करायला मी पालकांना महिनोन् महिने शिकवते आणि बहुतेकांना थांबणं जमत नाही.

याहून वाईट पुढे आहे. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेत आम्हाला प्रश्न होता, दोन भाषांच्या घरातलं मूल उशिरा बोलत असेल तर घरच्यांना एक भाषा सोडायला सांगावं का. मी लिहिलं होतं, सांगू नये. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही आणि मुलाशी जो सगळ्यांत जास्त बोलतो त्याची भाषा कधीही काढून घेऊ नये. दहापैकी नऊ गुण मिळाले होते. म्हणजे मला माहीत होतं. पण इथे आले तर योजनेवर ती ओळ छापलेली होती. आमच्या घरात छापील कागद म्हणजे फक्त सही करायची. अम्मा अजून अंगठा लावते. छापलेलं चुकीचं असू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तीन आठवडे लागले ते भरद्वाज सरांशी बोलायचं धाडस करायला. शेवटी शुक्रवारी गेले. सर रागावले नाहीत. म्हणाले, ‘विनुता, हा फॉर्म तू शाळेत होतीस तेव्हापासून चालतोय.’ मी म्हटलं, ‘म्हणूनच सर.’ ते हसले. ‘पुस्तकातलं खरं असतं. पण पालकांना एक सोपं वाक्य द्यावं लागतं. दहा दिलीस तर एकही पाळणार नाहीत.’ मी म्हटलं, ‘हे त्यांनी पाळलं, सर. घरातला माणूस गेला.’ त्यांनी फॉर्म हातात घेतला. नंतर म्हणाले, ‘तुझ्या केसपुरतं बदल.’

ती ओळ मी खोडली आहे. तुम्ही परत या. कार्तिकेय अण्णांशी मी बोलते.

माफी मागायला माझ्याकडे मराठीत पुरेसे शब्द नाहीत. तमिळमध्येही नाहीत.

विनुता


पापनाशम,
१२ सप्टेंबर २०२३

विनुता,

पत्र पोचलं. भागीरथीला वाचून दाखवलं नाही. ती ऑटो करून तुमच्याकडे आली असती, आणि तो ऑटो तुमच्या अप्पांचाच निघाला असता तर त्यांनाही ऐकावं लागलं असतं.

मी अडाणी माणूस नव्हे, तरी मीही छापील कागदावरच गेलो. एकदाही आत येऊन म्हटलं नाही की ती माझ्याशी बोलते. मजला वाटलं, ते बोलणं तुमच्या हिशेबी बोलणं नसेल.

मुलानं बोलावलं तर येतो. आपण होऊन येणार नाही. आपण होऊन गेलो, ते पुरे झालं.

वेंकटराव


तंजावूर,
१ ऑक्टोबर २०२३

वेंकटराव मामा,

काल दोघांनाही बोलावून सगळं सांगितलं. तुमचं गुपित फोडावं लागलं. त्याबद्दल तुम्ही मला बोला.

कार्तिकेय अण्णा म्हणाले, ‘मार्चमध्ये तुम्हीच म्हणालात बंद करा. आता म्हणता चालू करा. माझी मुलगी काय पंखा आहे?’ मी म्हटलं, माझी चूक झाली. ते म्हणाले, ‘मग आताचं बरोबर कशावरून?’ परीक्षेतलं उत्तर सांगायची लाज वाटली.

अखिला अक्का एवढंच म्हणाल्या, ‘अत्तेंच्या गुडघ्यांसाठी गेले नव्हते?’ मी नाही म्हटलं. त्या टेबलावरचा जुना तक्ता पाहत होत्या. ‘ह्या फुल्या मी मारल्या,’ म्हणाल्या. ‘पोरांच्या वह्या तपासते त्याच पेननं.’ मग ओढणीनं तोंड पुसून बाहेर गेल्या.

थोड्या वेळानं अण्णांनी विचारलं, ‘रविवारी गाडी किती वाजता असते पापनाशमहून?’ मला माहीत नव्हतं. त्यांनीच फोनवर शोधलं. आठ तारखेला ते तुम्हाला न्यायला येतील. तुम्ही नाही म्हणू नका.

विनुता


तंजावूर,
२२ ऑक्टोबर २०२३

विनुता,

येऊन दोन आठवडे झाले. हे पत्र अखिलाच्या हाती देतो. तिनं वाचलं तरी चालेल.

वर्षा मजला ओळखत नाही असं म्हणता येणार नाही. पाहुण्याला ओळखावं तसं ओळखते. जवळ ये म्हटलं तर भिंतीला धरून बाजूनं जाते. शेषम्मांनी तिला फोनवर चित्रं पाहायची सवय लावली आहे, ती पाहत बसते. त्यांना दोष नाही, त्यांचंही वय झालं.

तिसऱ्या दिवशी साडेसात झाल्यावर मी कापी केली. तिला समोर बसवलं. ओतली, थांबलो. ‘आता?’ म्हटलं. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं. मी थांबलोच होतो. हात भरून आले तेव्हा खाली ठेवली. कापी गार झाली, तिच्या पेल्यात दिली, ती मुकाट्यानं प्यायली. ओतून टाकली असती तर बरं वाटलं असतं. असं बारा दिवस.

‘दे’ नाही, ‘नको’ नाही, काही नाही. तमिळही नाही.

कार्तिकेयनं तुमचा ऑगस्टचा अहवाल दाखवला. ‘सकाळचा हट्ट थांबला, चांगली सुधारणा’ असं त्यात आहे. माझं कापीचं पत्र पोचण्याआधीचा आहे, मजला समजतं. मी रागानं लिहीत नाही. पण तिचं दारात उभं राहणं थांबलं, ती तारीख तुमच्याकडे लिहिलेली आहे, म्हणून सांगतो. त्या दिवशी तिनं वाट पाहणं सोडलं.

एक विचारतो, खरं सांगा. मुलाचे गेलेले शब्द परत येतात का? मी शहात्तर वर्षांचा आहे. किती दिवस लागतील ते कळलं तर बरं.

वेंकटराव


तंजावूर,
२५ ऑक्टोबर २०२३

वेंकटराव मामा,

खरं सांगते. मला माहीत नाही.

काही मुलांचे येतात. काहींचे तेच येत नाहीत, दुसरे येतात. काहींचे येत नाहीत. वर्षा कुठल्यातली, हे आज कोणीही सांगू शकणार नाही. भरद्वाज सरांना विचारलं, त्रिचीच्या माझ्या प्राध्यापकांनाही विचारलं. सगळ्यांनी धीर धरा म्हटलं. धीर हा शब्द मी रोज पालकांना सांगते. काल पहिल्यांदा तो मला कोणी सांगितला.

तो ऑगस्टचा अहवाल मी नष्ट केलेला नाही, मामा. त्याखाली नवा कागद जोडला आहे. ‘शब्द गेल्याचं कारण’ या रकान्यात मी ‘आमची योजना’ असं लिहून सही केली आहे. सर म्हणाले, असं कोणी लिहीत नाही. मी म्हटलं, माहीत आहे.

नवी योजना सोबत आहे. मराठीत लिहिली आहे, कारण ती तुमच्यासाठी आहे. एवढीच आहे:

‘वर्षा आजांच्या जवळ बसेल.’

शब्दांचं ध्येय काढून टाकलं आहे. कापी थोडे दिवस थांबवा. तिथे आपण तिच्याकडे काहीतरी मागतो आहोत, हे तिला कळतं. तुम्ही फक्त खाली चटई टाकून बसा, रोज एकाच जागी, एकाच वेळी. तिला बोलावू नका. तुम्हाला वाटलं तर स्वतःशी बोला, मराठीत. ती आली तर येऊ द्या. किती वेळ बसली आणि काय झालं, ते रोज एका ओळीत लिहा. चांगलं लिहायचं म्हणून लिहू नका. मी आधी तसं लिहीत होते.

विनुता


तंजावूर,
५ नोव्हेंबर २०२३

विनुता,

सांगितल्याप्रमाणे आठवड्याची नोंद.

सोमवार. साडेसातला चटई टाकली. बसली नाही. मी भागीरथीच्या बैलांच्या गोष्टी मोठ्यानं सांगितल्या. कार्तिकेय चावी विसरला म्हणून परत आला, त्यानं ऐकल्या. मग बूट घालून गेला.

मंगळवार. तुमच्याकडे आली होती. घरी बसली नाही.

बुधवार. बसली नाही. दोनदा खोलीतून गेली.

गुरुवार. ताप होता. अखिलानं सुट्टी घेतली. वर्षा तिच्या मांडीवर होती. अखिला चटईवर येऊन बसली, म्हणून वर्षाही बसली. हे धरायचं का, ठाऊक नाही. सात मिनिटं. अखिला तिच्याशी मराठीत बोलत होती. अखिलाचेच शब्द अडत होते.

शुक्रवार. ताप उतरला. बसली नाही.

शनिवार. दारात उभी राहिली. मजला पाहिलं, फोन पाहिला, फोन घेऊन गेली.

रविवार, आज. बसली नाही. मी बसलो होतो.

वेंकटराव